एकही खून नसलेली कादंबरी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्यात एकही खून नाही. माझ्या मुखपृष्ठावर रक्तानं माखलेला सुरा आहे आणि पाठीवर वाचनालयातली रहस्यकथांची काळी पट्टी आहे, म्हणून हा खुलासा करावा लागतो. मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. त्या सुऱ्याशी माझा काडीचाही संबंध नाही. माझं नाव सांगत बसत नाही, कारण ते कुणाच्याच लक्षात राहिलेलं नाही.

माझी गोष्ट आठशे वर्षांपूर्वीच्या एका तटबंदीच्या गावाची आहे. शत्रूनं वेढा घातलाय, वेशीचे दरवाजे बंद आहेत, आणि गावाचं धान्याचं कोठार एका बाईच्या ताब्यात आहे. ती रोज घरटी मोजून धान्य देते. कोणाच्या पदरात मूठभर जास्त पडलं, तर दुसऱ्याचं मूल उपाशी राहतं. तिची स्वतःची लेक वेढा पडला त्या दिवशी वेशीबाहेर राहिलेली असते. तिचं काय झालं हे कोठारवालीला माहीत नाही, तरी ती रोज तेवढंच चोख माप भरत राहते. शेवटच्या पानावर दरवाजे उघडतात आणि ती लेकीला शोधायला बाहेर पडते. पुढचं सगळं दुसऱ्या भागात यायचं होतं.

ज्यांनी मला लिहिलं, त्यांना आख्खं गाव ‘खूनवाले’ म्हणायचं. त्यांच्या रहस्यकथांवर लोकांच्या उड्या पडत. त्यांचा इन्स्पेक्टर इतका हुशार, की आरोपीनं नुसतं दार वाजवलं तरी हा आतून त्याचं नाव सांगायचा. सकाळी खूनवाले पोटासाठी खून पाडायचे आणि दुपारी जीव लावून मला लिहायचे. मला लिहिताना ते फार हळू लिहीत. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातलं माप आणून टेबलावर ठेवलं, आणि एवढ्या धान्यात एक माणूस किती तग धरेल याचा विचार करत बसले. त्यांची लेक दारातून म्हणाली, “बाबा, आता आम्हाला जेवायलाही मापानंच वाढणार का?” ते हसले, पण माप काही त्यांनी परत दिलं नाही.

मी पूर्ण झाले तेव्हा त्यांनी माझ्या कागदांवरून हात फिरवला. असा हात त्यांनी कुठल्याच खुनावरून फिरवला नसेल. मला वाटलं, आपलं नशीब उजळलं. मग प्रकाशक म्हणाले, “वर नाव तुमचं आहे म्हटल्यावर सुरा हवाच.” आणि छापखान्यातून मी बाहेर आले ती सुरा घेऊनच.

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी लेखकाचं नाव वाचलं, सुरा पाहिला आणि आत डोकावूनही न बघता मला काळी पट्टी चिकटवली. बाई मनानं चांगल्या. कामाच्या रगाड्यात कोण पुस्तक उघडून बघतं? पण त्या एका पट्टीनं माझी माती केली. ज्यांना जुन्या काळच्या गोष्टी हव्या असत, ते समोरच्या कपाटापाशी उभे राहत आणि माझ्याकडे पाठ करत. माझ्या कपाटापाशी येत ते खुनाचे भुकेले.

त्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवलेला असे आणि टेबलाला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असे. पुस्तक परत करताना वाचकानं दोन ओळी अभिप्राय लिहायचा, म्हणजे पुढच्याला कळावं. रीत छान होती, पण लोक कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तक आवडलं की दुसरं मागून घाईघाईनं घरी पळतात. नाही आवडलं, तर मात्र पिशवी खाली ठेवून, चष्मा पुसून, निवांत लिहितात.

माझ्या कागदावर पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं, ‘निम्मं पुस्तक संपलं, अजून एकही मुडदा नाही.’ त्याखाली दुसऱ्यानं विचारलं, ‘इन्स्पेक्टर कधी येतो?’ तिसऱ्यानं त्याला उत्तर दिलं, ‘अरे शहाण्या, तेव्हा पोलीस नव्हते.’ एकानं लिहिलं, ‘धान्य मोजताना बघायचं असतं तर वाण्याच्या दुकानात जाऊन बसलो असतो.’ एका बाईंनी सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचलं, खुनी सापडला नाही म्हणून पुढचं वाचलंच नाही, आणि तसं प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. निवृत्त इतिहासाचे मास्तर एकदा चुकून माझ्या कपाटाशी आले. मला वाटलं, आता कुणीतरी आपलं माणूस भेटलं. त्यांनी कोठाराच्या कुलपावर लाल रेघ मारली आणि लिहिलं, ‘अशी कुलपं त्या काळी नव्हती. खूनवाल्यांनी इतिहासात नाक खुपसू नये.’ आणि सगळ्यात खाली, घट्ट दाबून, कुणीतरी दोनच शब्द लिहिले होते, ‘लेखक संपला.’

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी हात लावेना. उघडायचं ते थेट शेवटचा कागद, हसायचं आणि परत ठेवायचं. आपल्या पोटातली गोष्ट कुणी ऐकत नाही आणि आपल्याला ठेवलेली नावं मात्र सगळे चवीनं वाचतात, याचं दुःख काय असतं ते मी कसं सांगू?

अशात एका संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसणारी एक बाई घाईनं आली. “खूनवाल्यांचं काहीही द्या. सासूबाईंनी त्यांचं सगळं संपवलंय आणि आता माझं डोकं खाताहेत.” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “हे एक राहिलंय. पण लोक नावं ठेवतात हो.” ती म्हणाली, “द्या. आमच्याकडे तसंही सगळ्यालाच नावं ठेवतात.”

तिच्या सासूबाई पडून होत्या. कमरेचं हाड मोडलेलं, डोळ्यांना दिसत नव्हतं, जीभ मात्र शाबूत. सून कामावरून आली की हातपाय धुऊन त्यांना वाचून दाखवायची. दोघींत त्याखेरीज फारसं बोलणं नव्हतं.

“अगं, खून कधी होणार?” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“होईल हो. आत्ता तर वेढा पडलाय.”

“फारच सावकाश चाललंय. कोठारवालीवरच संशय येतोय मला.”

चार संध्याकाळी गेल्या आणि सासूबाईंनी खुनाची चौकशी सोडून दिली. कोठारवालीनं शेजारणीच्या तान्ह्यासाठी स्वतःच्या वाट्यातलं धान्य दिलं, तिथे त्या म्हणाल्या, “थांब गं. आज पुरे. तिला जरा झोपू दे.” सुनेनं मला मिटलं. मोठ्यानं वाचल्यावर मी केवढी वेगळी लागते, हे मलाही तेव्हाच कळलं. मग एक दिवस सासूबाई आपणहून बोलायला लागल्या. त्यांची मोठी लेक भांडून गेली होती आणि कैक वर्षांत तिची खबर नव्हती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. सून ऐकत राहिली. तिनं हळूच सासूबाईंचा हात हातात घेतला, आणि सासूबाईंनीही तो सोडवून घेतला नाही.

“हिला भेटते का गं तिची लेक?” त्या विचारायच्या.

“पुढं बघू ना.”

शेवटचं पान आलं. दरवाजे उघडले, कोठारवाली बाहेर पडली आणि मी संपले. सासूबाई म्हणाल्या, “दुसरा भाग आला की लगेच आण. आणि तिथं कागदावर लिही, एका म्हातारीला फार आवडलं म्हणून. आणि लेखकाला विचार, लेक भेटते ना?”

“लिहिते, आई.” तिनं त्यांना ‘आई’ म्हटलं, ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

सासूबाईंना दुसरा भाग ऐकायला मिळाला नाही. त्या गेल्या. तेराव्यानंतर सून मला परत करायला आली. पेन्सिल तिनं हातात घेतली, शेवटचा कागद उघडला आणि वरपासून सगळं वाचलं. मास्तरांचं वळणदार अक्षर पाहिलं. ‘लेखक संपला’ वाचलं. मागं लोक ताटकळले होते. “एवढी शिकलेली माणसं म्हणतात, तिथं मी काय लिहू?” ती स्वतःशीच पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. ‘लिही गं बाई, एकच ओळ लिही,’ मी आकांतानं म्हणत होते. तिनं पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा कधीतरी निवांत लिहू, असं तिला वाटलं असावं.

त्याच आठवड्यात खूनवाले आले. कधी नव्हे ते मला मागितलं आणि शेवटचा कागद उघडला. ग्रंथपालबाई धावत आल्या. “साहेब, तेवढं पान वाचू नका. लोकांना काय, तोंडाला येईल ते लिहितात.”

“लोकांनीच तर वाचायचं असतं, बाई,” ते म्हणाले. त्यांनी सगळं वाचलं. ‘लेखक संपला’च्या खाली, म्हातारीचा अभिप्राय जिथं यायचा, ती जागा कोरी होती. तिथं त्यांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला, ‘मान्य.’ मग मला मिटलं आणि जाताना दारात त्यांचा पाय अडखळला.

सून परत वाचनालयात आली ती फार दिवसांनी. घरी वाचून दाखवायला कुणी उरलं नव्हतं, मग ती कशाला येईल? आली ती थेट विचारतच. “दुसरा भाग आला का हो?”

“कशाचा, याचा?” ग्रंथपालबाईंनी मला कपाटातून काढलं. “अहो, खूनवाले मागच्या महिन्यात वारले. त्यांची लेक सांगत होती, दुसरा भाग निम्मा लिहून झाला होता. पण इथं येऊन हा कागद वाचून गेले, त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं सगळं फाडून टाकलं. लोकांना आवडलं नाही म्हणाले.”

“कुठल्या लोकांना?” तिनं विचारलं. तिचा आवाज चढला होता. “आम्ही दोघी होतो ना!”

सुनेनं माझा शेवटचा कागद उघडला, ‘मान्य’ वाचलं आणि तिथंच टेबलाशी उभी राहून ती रडली. मग तिनं पेन्सिल मागितली आणि लिहिलं, अगदी जागा पुरेल तेवढं लिहिलं. ते वाचायला आता कोण येणार होतं?

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला ओल्या हातानं धरू नका, हे सगळं तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. एखादं पुस्तक आवडलं, तर ते ज्यानं लिहिलं त्याला सांगा. अक्षर वाईट असो, चार शब्दच सुचोत, शिकलेली माणसं काहीही म्हणोत. सांगायचं ते आज सांगा, तो माणूस जिवंत आहे तोवर सांगा.

वेशीबाहेर पडलेल्या त्या कोठारवालीला तिची लेक भेटली का, हे मला विचारू नका. माझी पानं वेशीपाशी संपतात. ज्यांना ते माहीत होतं, त्यांना विचारायचं राहून गेलं.