लायब्ररीत बसणारा माणूस

नीनाने आपला फोन बंद केला, मृणालिनीबाईंचाही मागून घेतला आणि दोन्ही फोन फ्रीजवर, केळ्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसली. समोर वही नाही, पेन नाही. इथलं बोलणं कुठेही लिहिलं जाणार नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं. हे ऐकून मृणालिनीबाईंना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

नीना वकील होती आणि तिचं काम मोठं विचित्र होतं. ज्याला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची आहे त्याची सगळी अंडीपिल्ली, तो उभा राहण्याआधी, त्याच्याच सांगण्यावरून शोधून काढायची. उद्या विरोधक जे उकरतील ते आज आपणच उकरायचं. बायको, कॉलेजातले मित्र, जुने शेजारी, सगळ्यांना भेटून झालं की नीना आपलं मत देणार, की माणूस तयार आहे किंवा नाही. या खेपेचा माणूस म्हणजे मृणालिनीबाईंचा एकुलता एक मुलगा देवदत्त, शेजारच्या राज्याचा दोनदा निवडून आलेला गव्हर्नर. शाळेत त्याचा डेव्ह झाला तो कायमचाच. आता मृणालिनीबाईंच्या शॉमबर्ग गावातली म्हातारी मराठी मंडळीसुद्धा त्याला "आपला डेव्ह" म्हणत आणि अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद म्हणजे गणेशोत्सवाची कमिटी असावी तशा थाटात त्याच्या निवडणुकीची चर्चा करत.

सकाळभर प्रश्न चालले. डेव्हने कधी कुणावर हात उचलला होता का? नशापाणी? लग्नाआधीच्या मुली? बाईंचं इंग्रजी बँकेच्या खिडकीमागे आयुष्य घालवून गुळगुळीत झालेलं. त्या न अडखळता उत्तरं देत गेल्या. कॉलेजात असताना त्याने गाडी ठोकून खापर मित्रावर फोडलं होतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. नीना हसली. असली पापं तिच्या खिजगणतीतही नव्हती.

"आता लायब्ररीची गोष्ट," ती म्हणाली. "गव्हर्नर सगळीकडे हीच सांगतात. म्हणून ही मला तुमच्या तोंडून ऐकायची आहे."

ही गोष्ट तोवर देशभर झाली होती. डेव्ह लहान असताना त्याच्या वडिलांची नोकरी जाते. घरात कळू नये म्हणून ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात, टाय बांधतात, बायकोने भरलेला डबा घेतात आणि दिवसभर गावच्या लायब्ररीत जाऊन बसतात. असे कित्येक महिने. मग एका संध्याकाळी ते घरी येतात, बूट काढतात आणि बायकोला सगळं सांगून टाकतात. ती म्हणते, आधी जेवून घ्या. जिन्यावर बसलेला छोटा डेव्ह हे ऐकतो आणि मनाशी ठरवतो, की काम करणाऱ्या माणसाला अशी मान खाली घालावी लागता कामा नये. इथे डेव्ह थांबतो, आवंढा गिळतो. समोरचे लोक डोळे पुसतात.

मृणालिनीबाईंनी उठून गॅस उगाचच पुसला. डोकं दुखतंय, उद्या दहा वाजता या, असं त्या म्हणाल्या. नीनाने आग्रह धरला नाही. तिने फ्रीजवरचा फोन घेतला आणि ती हॉटेलवर गेली.

लायब्ररीत बसणारा माणूस मृणालिनीबाईंचा नवरा नव्हता. मोहनरावांची नोकरी कधी गेलीच नाही. पंपांच्या ज्या कारखान्यात माणसं कमी केली, तिथे ते खात्याचे प्रमुख होते आणि कुणाला काढायचं ते त्यांनीच ठरवलं होतं. काढलेल्यांत त्यांचा जिवलग मित्र राजेश होता. राजेशचं काम वाईट नव्हतं. पण त्याला ठेवला असता तर देशी माणसाने देशी माणसाला सांभाळलं असं गोरे म्हणाले असते, आणि तसं कुणी म्हणू नये म्हणून मोहनरावांनी पहिलं नाव त्याचंच दिलं. आपल्या सचोटीचा त्यांना तेव्हा अभिमानही वाटला असावा. राजेश मग रोज शर्टटाय करून लायब्ररीत जाऊन बसू लागला. त्याची बायको सुवर्णा त्याला डबा भरून देत होती. हिवाळ्यातल्या एका दुपारी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, गाडीतच, त्याचं हृदय बंद पडलं. तो तिथे काय करत होता, हे सुवर्णाला पोलिसांकडून कळलं.

डेव्ह तेव्हा सातवीत होता. पुढे कॉलेजच्या प्रवेशासाठी निबंध लिहायची वेळ आली. आयुष्यात सोसलेल्या एखाद्या संकटाबद्दल लिही, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. संकट कुठून आणणार? पोराला स्वतःची खोली होती आणि उन्हाळ्यात टेनिसचे क्लास होते. त्याने राजेशकाकांची गोष्ट उचलली आणि तिच्यात बाबांना बसवलं. मृणालिनीबाईंनी तो निबंध वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, सगळीच मुलं थोडं फुगवून लिहितात. मोहनरावांनी वाचला तेव्हा ते फक्त "चांगलं लिहिलंय" म्हणाले आणि आदल्याच दिवशी कापलेलं लॉन पुन्हा कापायला बाहेर गेले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी त्या निबंधाचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी डेव्हचा फोन आला. नीनाने त्याला काही सांगितलं नसणार, पण आईचं डोकं दुखलं की का दुखतं, हे त्याला लहानपणापासून कळायचं.

"आई, यू आर ओव्हरथिंकिंग धिस. राजेशकाकांचं कुणी ऐकणार होतं का? मी सांगतो म्हणून लोक ऐकतात. त्या स्टोरीमुळे मी माझ्या स्टेटमध्ये कायदा पास केला. रिअल लोकांना रिअल मदत झाली."

"मग राजेशकाकांची म्हणून सांग ना."

तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण त्यात मी कुठे असतो?"

त्याने थाप मारली असती, चिडला असता, रडला असता, तरी मृणालिनीबाईंना चाललं असतं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. दुसऱ्याचं मरण स्वतःच्या घरात आणून मांडताना ज्याला खराखुरा आवंढा येतो, त्याच्या हाती उद्या फौजा येणार, तुरुंग येणार, कोण राहील आणि कोण जाईल ते ठरवणं येणार. आपला मुलगा या कामाला लायक नाही. हे त्यांना इतकं लख्ख कळलं, की त्या तिथेच खुर्चीवर बसून राहिल्या. आईने असं म्हणायचं नसतं. पण सबंध देशात हे सांगू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. उद्या नीनाला खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. फक्त त्याआधी सुवर्णाला विचारायला हवं होतं. मेलेला माणूस तिचा होता.

सकाळी बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून त्या हळूहळू गाडी चालवत सुवर्णाच्या अपार्टमेंटवर गेल्या. पंचेचाळीस वर्षांची मैत्री. सुखदुःखाचं सगळं बोलणं झालं होतं, पण राजेशचं नाव कुणी दिलं, हा विषय दोघींत कधी निघाला नव्हता. सुवर्णा गुडघ्याला शेकायची पिशवी लावून सोफ्यावर बसली होती. मृणालिनीबाईंनी कोटसुद्धा न काढता सगळं सांगितलं. मी आज त्या मुलीला खरं सांगणार आहे, तुझी परवानगी हवी, असं म्हणाल्या.

"ती आली होती माझ्याकडे परवा," सुवर्णा म्हणाली. "मोहनभाऊजींना मी स्वतः लायब्ररीत बसलेलं पाहिलं होतं, असं सांगितलं मी तिला."

"अगं, का पण? देवूसाठी? त्याच्यासाठी खोटं बोलायची तुला काही गरज नाही."

"देवूसाठी नाही."

सुवर्णाने गुडघ्यावरची पिशवी काढून बाजूला ठेवली. डेव्हचं ते भाषण ती रोज दुपारी चहाच्या वेळी टॅबवर ऐकते, असं ती जरा ओशाळून म्हणाली. राजेश गेला तेव्हा लोकांनी तिला हृदयविकाराबद्दल विचारलं, इन्शुरन्सबद्दल विचारलं. पण इतके महिने नवरा शेजारी झोपत असून तुला कळलं कसं नाही, हे त्यांच्या डोळ्यांत असायचं. आणि त्याने मला का सांगितलं नाही, हे तिच्या स्वतःच्या डोक्यात असायचं. अजून असतं.

"देवूच्या गोष्टीत ते घरी येतात गं," ती म्हणाली. "बूट काढतात. मला सांगतात. मी म्हणते, आधी जेवून घ्या." पिशवी पुन्हा गुडघ्यावर ठेवत ती म्हणाली, "मी म्हणालेच असते. तू मला ओळखतेस. मोडू नकोस ती."

मोहनने जे केलं त्याची माफी मागावी असं मृणालिनीबाईंच्या ओठांवर आलं होतं, पण आता ती कुठल्या गोष्टीतल्या मोहनची मागायची? सुवर्णाने चहा घेणार का विचारलं. त्या नको म्हणाल्या आणि निघाल्या.

दहा वाजता नीना आली. फोन पुन्हा फ्रीजवर गेले. हो, माझा नवरा लायब्ररीत जाऊन बसायचा, असं मृणालिनीबाईंनी सांगितलं. एका वाक्यात सांगून सुटू असं त्यांना वाटलं होतं, पण नीना वकील होती.

"तुम्हाला आधी थोडीसुद्धा शंका आली नव्हती?"

"आली होती," त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप येत गेलं. एकदा धुवायला टाकताना शर्टाच्या खिशात लायब्ररीचं कार्ड सापडलं. अगदी नवं. मोहनला वाचायची आवड कधीच नव्हती. ते त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवून दिलं आणि काही विचारलं नाही. त्याचं त्याला सांगू दे, म्हणून. रोज रात्री ताट वाढताना वाटायचं, आज सांगेल. इथे त्या थांबल्या. घसा खरंच दाटून आला होता. समोर नीनाचे डोळे भरले होते. असलं कार्ड या जगात कधीही नव्हतं.

नीनाने टिश्यू शोधला. कार्डाचा हा तपशील गव्हर्नरांनी कधीच कसा सांगितला नाही, याचं तिला नवल वाटलं. तो भाषणात घ्यायला हवा, असंही ती म्हणाली. मग डोळे टिपून हसली.

"ते इतकं छान बोलायला कुणाकडून शिकले, ते आज कळलं."

तिने ते अगदी मनापासून, कौतुकाने म्हटलं होतं. मृणालिनीबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. शेवटचा एकच प्रश्न, असं म्हणून नीनाने विचारलं, आई म्हणून नाही, त्यांना जन्मापासून ओळखणारी व्यक्ती म्हणून सांगा, ते तयार आहेत का?

"तयार आहे," त्या म्हणाल्या.