डावं पायडल

"अरे सोड! मोडशील माझी सायकल!" दूधवाली मावशी ओरडली. पण धाकटा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. पान्याला हातभर पाइप अडकवून त्यानं त्यावर सगळं अंग टाकलं होतं. पाइप सटकला, हात जमिनीवर घासला आणि बोटांची सालं निघाली. डावं पायडल होतं तिथंच होतं.

उजवं सुटायला दोन मिनिटंही लागली नव्हती. नवं बसवलंसुद्धा. या डाव्यानं मात्र भर उन्हात लाज काढली. सायकल दुरुस्तीचं दुकान उघडून आज आठवा दिवस, आणि समोरच्या ओट्यावर शिंप्यासकट चौघं तमाशा बघत बसलेले.

"थोरल्या भावाचं ऐकायचं होतं," शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला. "हात जडच आहे याचा."

"बाळा," मावशी म्हणाली, "मला चार वस्त्यांवर दूध घालायचंय. तुझी झटापट संपेपर्यंत नासून जाईल. मी आपली थोरल्याकडे जाते. आणि राग मानू नकोस, पण पुढच्या वेळीही तिकडेच जाईन."

ती सायकल ढकलत निघाली. एक गिऱ्हाईक गेलं की गाव जातं, हे धाकट्याला कळत होतं. तोही मान खाली घालून मागोमाग चालायला लागला.

थोरल्या भावाच्या दुकानात त्यानं अकरा वर्षं काढली होती. पंक्चर, ब्रेक, चेन, डगमगत्या चाकाचा आऊट काढणं, सगळं यायचं त्याला. फक्त पायडलाला हात लावायचा नाही. "तुझा हात जड आहे, आटे खाशील," असं थोरला म्हणायचा, तेही चार गिऱ्हाइकांसमोर. ऐकून ऐकून धाकट्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. घरात कप उचलतानाही तो जपून उचलायचा.

थोरल्यानं सायकल बघितली आणि हसला. "काय म्हटलं होतं मी?" मग पाना घेऊन खाली बसला, लोकांकडे पाठ करून. बसता बसता म्हणाला, "जा रे, बादलीभर पाणी आण."

धाकट्यानं सवयीनं बादली उचललीसुद्धा. चार पावलं गेला आणि थबकला. पाणी कशाला? पाणी लागतं पंक्चर बघायला. पायडलाला पाणी काय करायचं? अकरा वर्षांत पायडल आलं की दर वेळी आपण विहिरीवर का असायचो?

तो तसाच मागं फिरला. थोरल्याच्या खांद्यावरून त्यानं बघितलं. पाना मागच्या चाकाकडे फिरत होता, म्हणजे धाकट्यानं जोर लावला होता त्याच्या साफ उलटा. पायडल मुकाट्यानं सुटून हातात आलं.

"दादा, डावीकडचे आटे उलटे असतात?"

थोरला पाना फडक्यानं पुसायला लागला.

"दादा, मी विचारतोय."

"असतात."

"आणि माझा हात?"

"हाताला काय झालंय तुझ्या!" थोरला खेकसला. "सगळंच शिकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दुकान थाटलं असतंस. हातचं राखावं लागतं माणसाला."

"थाटलं नसतं रे," धाकटा म्हणाला. "जन्मभर राहिलो असतो तुझ्याकडे. तू रोज चारचौघांत हात जड म्हणायचास, ते सहन होईना म्हणून गेलो मी."

मावशीनं एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "एक नवं डावं पायडल दे इकडे," ती थोरल्याला म्हणाली. "हा बसवेल."

धाकट्यानं आट्यांना ग्रीस लावलं, आधी बोटांनीच उलटं फिरवत चार आटे धरवले, मग पाना लावून पुढच्या चाकाकडे आवळलं. पायडल नीट बसलं. त्याला आनंद मात्र काडीचा झाला नाही.

दुपारी त्यानं रंगाचा डबा काढला आणि दुकानाच्या पत्र्यावर हातभर अक्षरं रंगवायला घेतली: 'पायडल, डावं असो की उजवं. पाना वरून धरा. सोडायचं तर मागच्या चाकाकडे, आवळायचं तर पुढच्या.'

"अहो, सगळ्यांना सांगून बसलात तर आपल्याकडे येईल कोण?" बायको म्हणाली.

"दादाही असंच म्हणतो," एवढंच तो बोलला. 

तासाभरात वहिनी आली. अकरा वर्षं दोन्ही वेळा यानं तिच्याच हातचं खाल्लं होतं. पदरानं घाम पुसत म्हणाली, "भाऊजी, ते पुसून टाका म्हणतायत हे. धंद्याचं गुपित आहे म्हणे." मग तिनं पत्र्याकडे तोंड केलं आणि एकेका ओल्या अक्षरासमोर लांबूनच बोट धरत सगळं वाचून काढलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी भाऊ घालवला यांनी?"

धाकट्यानं ब्रश रंगात बुडवला. "बाजूला व्हा वहिनी, लुगड्याला लागेल," म्हणाला, आणि अक्षरांवर दुसरा हात द्यायला लागला.