डाव्या कानाची खूण

"हलवते आहे गं, पण आवाजच येत नाही!" म्हणत डिंपलने डबा कानाला लावला, आणि मोहिनीची नजर डब्यावरून हलेना.

जळगावात रिंगरोडवर डिंपलच्या घरी, सराफांच्या बंगल्यात, मुलींच्या खेळगाण्यांच्या सणाची गुलाबाई बसली होती. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या, रीलसुद्धा झालं. आता उरलं होतं खाऊ ओळखणं. बंद डब्यात काय आहे ते जी ओळखेल, तिला पहिला घास. आज खाऊची पाळी मोहिनीची होती. सावद्याच्या केळीच्या बड्या व्यापाऱ्याची ही मुलगी शिकायला इथे फ्लॅटवर राहायची. डब्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या, आणि वड्यांत काजूची बारीक पूड. स्वयंपाकाच्या मंदामावशी देवळात गेल्याचं पाहून तिने ती स्वतः मिसळली होती.

किरणला काजू चालत नाहीत, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. धुळ्याला असताना एका लग्नात तिचा श्वास कोंडला होता, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. जूनमध्ये तिच्या वडिलांनी जळगावात डाळमिल घेतली, ती डिंपल-मोहिनीच्या वर्गात आली, आणि तेव्हापासून मोहिनीच्या पोटात दुखायला लागलं. सहावीपासून डिंपलच्या गाडीत तिच्या शेजारची जागा मोहिनीची होती. आता तिथे किरण बसायची.

गेल्या महिन्यात डिंपलच्या घरी मोठ्या पडद्यावर तिघींनी एक सिनेमा पाहिला. त्यात एक श्रीमंत मुलगी आपल्या मैत्रिणीचा काटा काढते. भीती वाटली की डिंपल नेहमी मोहिनीचा हात घट्ट धरायची. त्या दिवशी तिने किरणचा धरला. सिनेमाचा शेवट काय झाला, हे मोहिनीने पाहिलंच नाही. ती त्या दोन हातांकडे बघत बसली होती. काटाबिटा काही नाही, चिमूटभर पूड, दोन दिवस अंथरुणात पडेल, असं तिने आज सकाळी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

"शेव?" "चिवडा?" "लाडू?" मुली ओरडत होत्या. मोहिनी मान हलवत राहिली, आणि सवयीने तिने डावा कान चोळला. ही तिची आणि डिंपलची जुनी लबाडी होती. डावा कान म्हणजे खोबऱ्याची वडी. डिंपलने दरवर्षी अशीच ओळखली होती.  आज मात्र डिंपल किरणकडे बघून नुसती हसली.

"खोबऱ्याची वडी!" किरण ओरडली.

मोहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूणसुद्धा सांगून टाकली डिंपलने हिला!

डिंपलने डबा उघडून पहिली वडी किरणच्या हातात ठेवली.

"मोहिनी, काजू नाहीत ना गं यात?" किरणने विचारलं.

"नाहीत."

किरणने पुन्हा विचारलं नाही. तिने डोळे मिटून गुलाबाईला नमस्कार केला आणि वडी ओठांपाशी नेली.

मोहिनीने तिच्या हातावर फटका मारला. वडी फरशीवर पडली.

"तुला नाही मिळणार! ती खूण आमची होती!" खरं सांगायला तिने तोंड उघडलं होतं, बाहेर पडलं ते हे.

"एवढं जळावं माणसानं?" डिंपल म्हणाली. "जा तुझा डबा घेऊन. उद्यापासून येऊ नकोस."

किरण वडी उचलायला वाकली. तिच्याआधी मोहिनीने ती उचलली, डब्यात टाकली आणि कुणाकडे न बघता बाहेर पडली.

घरी मंदामावशींनी झाकण उघडून भरलेला डबा पाहिला. "काय व माय, बठ्ठा डबा तसाच शे! कोन्हीच खादं नही का?"

मोहिनीने वड्या कचऱ्यात ओतल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा डबा स्वतः घासायला घेतला. "ठेव व, मी घासस ना," मावशी म्हणत राहिल्या. तिने ऐकलं नाही.

फोन वाजला. किरणचा मेसेज होता. "सॉरी गं. खूण तुमची होती, मी ओळखायला नको होतं. डिंपलला मी समजावते. उद्या कॉलेजात माझ्या शेजारी बस."

मोहिनीने फोन पालथा ठेवला आणि घासलेला डबा पुन्हा नळाखाली धरला.