रेणूचा म

माझं पोट दुसऱ्यांची वाक्यं पुरी करण्यावर चालतं. मी वेबसाइट बनवते, आणि त्यातही सर्च बॉक्स ही माझी खासियत. गिऱ्हाईकानं 'ठि' एवढंच टाइप केलं की खाली 'ठिबकचे पाइप' हजर. पुण्यातली कंपनी मला त्याचाच पगार देते. मी शेलूबाजारात, आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसते. खाली हायवेवर ट्रक घरघरत असतात आणि वर मी लोकांच्या मनात काय आहे ते दोन अक्षरांवरून ओळखत असते.

घरातही माझं तसंच. माझा नवरा रविकांत खाली फवारणीचे पंप आणि पाइप विकतो. तो गिऱ्हाइकांना सांगतो की उज्ज्वलाशी बोलायचं म्हणजे नुसती सुरुवात करून द्यायची, बाकीचं ती स्वतःच बोलून घेते. लोक हसतात, मीही हसते. तोंडाळ बाईला तोंडाळ म्हटल्याचा राग येत नाही, तिला फक्त उलट उत्तर द्यायचं असतं.

अशा बाईच्या पोटी रेणू आली. रेणू अडखळत बोलते. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथंच अडतो. हनुवटी थरथरते, मान थोडी पुढे जाते, डोळे कुठंतरी भिंतीवर. मला ते बघवत नसे. मग मी तिच्या हातात शब्द देऊन मोकळी व्हायची. "पा… पा…" झालं की "पाणी? हे घे." ती पाणी प्यायची. एकदा मंगरूळपीरला फ्रॉक घ्यायला गेलो, ती "नि…" म्हणाली, मी "निळा" म्हटलं, दुकानदारानं निळा काढला. तिनं मान हलवली आणि तो फ्रॉक आखूड होईपर्यंत घातला. तिला तेव्हा खरं काय म्हणायचं होतं ते मला आजही माहीत नाही.

हे सगळं मायेपोटीच होतं, असं मी स्वतःला सांगत आले. माया होतीच. पण त्यात निम्मी घाई होती, आणि चार लोकांपुढे लाज वाटायची तीही होती. ते कशाला लपवू?

दुसरी एक गोष्ट होती. मी बंजारा तांड्यावरची. आमच्यात आईला याडी म्हणतात. माझी आई कमलीबाई, ती माझी याडी. पण रेणूनं मला मम्मी म्हणायचं, हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. ती म्हणायची याडीच. मला वाटायचं, आजीनं शिकवलंय, तांड्याचं पाणी आहे, उतरेल हळूहळू. एकदा शाळा सुटताना तिनं फाटकातून मोठ्यानं "याडी" अशी हाक मारली आणि दोन बायांनी वळून बघितलं. वाटेत मी तिला बजावलं की चारचौघांत मम्मी म्हणायचं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, फुगली. त्यानंतर ती मला काहीच म्हणेनाशी झाली. काही हवं असलं की जवळ येऊन माझी ओढणी ओढायची.

ती चौथी पास झाली तेव्हा माझी नणंद रंजीता अकोल्याहून आली होती. रंजीता तिकडे शाळेत शिकवते. तिच्या घराजवळ वैजयंती मॅडम म्हणून एक बाई अडखळणाऱ्या मुलांचं बोलणं सुधारतात. पण आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, रोज सराव लागतो. रंजीता म्हणाली, पाचवीपासून रेणूला माझ्याकडेच ठेवा. मी तिचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं.

रविकांतचं मन होईना. पोर एवढीशी आहे, बहीण झाली तरी तिचं घर ते तिचं, वगैरे. मी त्याला माझी कहाणी ऐकवली. ती त्यानं लग्नापासून ऐकलेली आहे. दसरा झाला की माझे आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि मी आश्रमशाळेत. पहिल्या वर्षी मी रडून रडून आजारी पडले. मग शिकले, अमरावतीला इंजिनीअर झाले, आज घरबसल्या पुण्याचा पगार खाते. रडून कोणी मरत नाही, असं मी त्याला म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "तिले तं इचार."

तर मी विचारलं. याचा मला केवढा अभिमान वाटला होता. मला कोणी विचारलं नव्हतं, मी माझ्या लेकीला विचारत होते.

दुपार होती. माझी एक मीटिंग संपली होती, दुसरी सुरू व्हायची होती. रेणूला समोर स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. अकोला, मोठी शाळा, मॅडम, आत्या किती जीव लावते ते.  मग मी फोन हातात घेतला.

"तुले जायाचं नसन तं सांग. आत्ता फोन करून आत्याले नाही म्हणून टाकू."

तिचे ओठ मिटले. बराच वेळ मिटलेलेच राहिले. हनुवटी थरथरायला लागली. मी घड्याळाकडे बघितलं. पहिल्यांदाच मला तिच्या वतीनं शब्द सुचत नव्हता. मग तिनं ते ओठ सोडून दिले, श्वास घेतला आणि न अडखळता म्हणाली,

"राहू दे."

मी फोन खाली ठेवला. राहू दे, म्हणजे नको करू फोन. किती समजूतदार पोर, असं मी रविकांतला कौतुकानं सांगितलं. एकदाही अडखळली नाही, तिच्या मनातलंच असणार, हेही सांगितलं. तो उठला. पाइपाचं भेंडोळं उचलून आत गेला.

जूनमध्ये तिला सोडून आलो. निघताना तिनं रंजीताच्या फाटकाचा गज धरून ठेवला होता. रडायचं नाही, मी म्हटलं. ती रडली नाही. आल्यावर घर खायला उठलं, पण माझ्याकडे कामाचा ढीग होता आणि काम हे माझं जुनं औषध. तो पावसाळा मी खूप काम केलं. फोनवर रेणू थोडंच बोलायची. हाव, जेवली, बरं. मी म्हणायची, जमतंय तिचं.

पोळा झाल्यावर वैजयंती मॅडमचा फोन आला. प्रगती चांगली आहे म्हणाल्या. बाकीच्या अक्षरांवर ती थोडी अडखळायची, पण खरी अडचण एकाच अक्षरावर होती, म वर. मग त्या सहज बोलून गेल्या की अशी मुलं हुशार असतात, जे अक्षर अडतं ते वाक्यातून गाळूनच टाकतात. "रेणू मी, मला, माझं असं काही म्हणतच नव्हती. तुमच्या लक्षात आलंच असेल."

मी हो म्हटलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन अक्षरांवरून अख्ख्या महाराष्ट्राच्या मनातलं ओळखणारी मी, घरातलं एक अक्षर नऊ-दहा वर्षं गायब होतं, ते मला दिसलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर आधी मम्मी आठवलं. ती तांड्याची बोली बोलत नव्हती, काही नाही. याडीत म नाही, एवढंच होतं. पोरीला मला हाक मारायची होती, आणि तिला जमत होता तो एक शब्द मी फाटकाबाहेर तिच्याकडून काढून घेतला.

मग दुसरं आठवलं. ते मिटलेले ओठ. ते कशावर मिटले होते ते आता कळलं. तिनं पहिला शब्द टाकून दिला होता आणि उरलेलं वाक्य माझ्या हाती दिलं होतं. मले राहू दे.

मी खाली दुकानात गेले. रविकांत एका शेतकऱ्याला पंपाचा नोझल बसवून दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले, हे माझ्या स्वभावात नाही. मग त्याला सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल, 'मी म्हटलं होतं' असं म्हणेल. तो तसाच खाली पोत्यावर बसला.

"तिले घरी घेऊन ये," तो म्हणाला. "जाय, सकाळीच जाय."

सकाळच्या एसटीनं निघाले. बार्शीटाकळी येईपर्यंत मी सगळं ठरवून टाकलं होतं. दर शनिवारी तिला मॅडमकडे मीच घेऊन जाईन, रोजचा सराव मीच करून घेईन. दुपारची मीटिंग सोडेन. तिच्या तोंडातला शब्द पुन्हा कधी काढून घेणार नाही. तिच्याशी काय बोलायचं तेही ठरवलं, आणि ती काय म्हणेल तेही ठरवलं. खोड जात नाही माणसाची.

दार रेणूनंच उघडलं. उंच झाली होती. "मम्मी," ती म्हणाली. म थोडा लांबवलेला, ओठ नुसते टेकलेले, मॅडमनं शिकवलेलं असणार. पण अडली नाही. ती पाळण्यात असल्यापासून मला हवा होता तो शब्द मला मिळाला, आणि मला भडभडून आलं ते आनंदानं नव्हे. मला याडी हवं होतं. पण कोणत्या तोंडानं मागू?

मी तिला न्यायला आले आहे हे ऐकून रंजीताचा चेहरा उतरला. "वहिनी, आता कुठी जमून राह्यलं तिचं," ती म्हणाली. मग तिनं एकेक सांगितलं. रेणू वर्गात उभी राहून धडा वाचते. शेजारच्या पोरीशी तिची गट्टी आहे, दोघी जिन्यात बसून तासन्‌तास बोलतात. तासन्‌तास, असं ती म्हणाली. माझी रेणू तासन्‌तास काय बोलत असेल, असा विचार माझ्या मनात आला. रंजीता चहा करायला आत गेली.

मी रेणूला जवळ घेतलं. बसमध्ये जुळवलेलं सगळं भाषण एकदम विसरले.

"तवा तू 'मले राहू दे' म्हणून राह्यली होती न?" मी म्हटलं. "मले समजलंच नाही व. चुकलं माहं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर एक आठी आली, अवघड गणित घातल्यावर यायची तशी.

"मममले वाटलं," ती हळूहळू म्हणाली, "तुले समजलं."

हे मी ठरवलेल्यात नव्हतं. म्हणजे इतके महिने ती असं धरून चालली होती की मी ऐकलं, मला कळलं, आणि कळूनही मी तिला इथं आणून सोडलं. फाटकाचा गज धरला तेव्हाही तिच्या मनात हेच होतं. फोनवर हाव, जेवली, बरं म्हणत होती तेव्हाही हेच. मी तिला पोटाशी धरलं. तिनं धरू दिलं. पण तिचे हात माझ्या पाठीवर आले नाहीत, तिच्या मांडीवरच राहिले.

मग मी तिला सोडलं, डोळे पुसले आणि विचारलं, "आता चालतं का घरी, माह्यासंग?"

तिनं मान खाली घातली. आत गॅसचा आवाज येत होता. रंजीता कपात चहा ओतायची थांबली होती, ते मला इथूनही कळलं.

"मी," रेणू म्हणाली. म आला, अडला नाही. "मी ये… ये…"

ये वर अडली. माझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार होता. येतो. उच्चारायचाच काय तो बाकी होता. मी म्हटलं असतं तर तिनं मान हलवली असती, कपडे पिशवीत भरले असते आणि दुपारच्या गाडीनं माझ्या शेजारी खिडकीत बसून आली असती. निळा फ्रॉक घातला तशी. मी दात दाबून धरले.

"येत…" ती म्हणाली, आणि पुन्हा थांबली. माझ्या तोंडाकडे ती बघत नव्हती. शिकवल्याप्रमाणे तिनं श्वास सोडला, पुन्हा घेतला. मी गप्प बसले. एवढी गप्प मी जन्मात कधी बसले नव्हते.

"…नाही," ती म्हणाली. आणि मला नीट कळलं की नाही, हे बघायला तिनं मान वर केली.

"आयकलं," मी म्हटलं.