सगळे दात शाबूत

मी एक जुने माउथगार्ड आहे. खेळाडू दातांवर बसवतात, ते रबरी कवच. ऑस्ट्रेलियातल्या बिरांगल गावच्या फुटबॉल क्लबात, बियरच्या काउंटरसमोर, काचेच्या कपाटात मला मखमलीवर ठेवले होते. शेजारी चषक होता. खाली पाटी होती, 'मडीची हिंमत'. मित्रांनो, ती पाटी वाचली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

माझा जन्म शहरातला. कॉलिन मडफोर्ड, म्हणजे आमचा मडी, तेव्हा जेमतेम विशीत होता. शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला निवडले होते. दंतवैद्याने त्याच्या तोंडात गुलाबी लगदा कोंबून दातांचा साचा घेतला आणि त्यावर तापवलेले प्लास्टिक दाबून मला घडवले. त्यामुळे मी दुसऱ्या कोणाच्याही तोंडात बसत नाही. दोन हंगाम गेले आणि क्लबाने त्याला एका फोनवर घरी धाडले. त्याचा बाप गव्हाच्या पेरणीत होता. ट्रॅक्टरवरून न उतरताच तो म्हणाला, "आलास? बरं झालं. शनिवारी खेळ, रविवारी हा ट्रॅक्टर घे."

मग वर्षानुवर्षे मी मडीच्या मोज्यात खोचलेले असायचे, नाहीतर त्याच्या तोंडात. कोपरे, गुडघे, एकदा तर गोलचा खांब, सगळे मी झेलले. मडी मला बियरमध्ये बुचकळून धुवायचा. नवे घेऊन दिले तर फेकून द्यायचा. मी त्याला लाभते, असे त्याला वाटे. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

पण गावाला मडीची आवडायची ती एकच गोष्ट. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनीही झेलतात. तो पाठीमागून उंच यायचा आणि मडी मान वर करून चेंडू जाईल तिकडेच धावत सुटायचा. समोरून दोघे-तिघे सुसाट येत असायचे. त्यांच्याकडे बघायला बंदी नव्हती, पण बघितले की गाव भित्रा म्हणायचे. मडी कधी बघत नसे. धडक व्हायची, चेंडू त्याच्या हातात असायचा, आणि मैदानाच्या कडेला लावलेल्या गाड्या एकदम भोंगे वाजवायच्या. "डोकं आहे का दगड?" असे बायका कौतुकाने ओरडायच्या. डोकेच होते हो ते! जबडा मिटला की मी मध्ये असायचे. वर काय हादरले ते मला जाणवायचे, पण तिथे माझा हात पोचत नव्हता.

मग एके वर्षी डोक्याची चाचणी आली. हंगामाआधी प्रत्येकाने संगणकासमोर बसायचे, शब्द लक्षात ठेवायचे, चित्र दिसले की पटकन बटण दाबायचे. डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा. गुण घसरले तर काही आठवडे घरी बसायचे. चांगली सोय होती. पण आमचे प्रशिक्षक केव्हिन बर्डन स्वतःला फार हुशार समजायचे. त्यांनी सगळ्यांना कोंडाळ्यात घेतले.

"पोरांनो, मार्चमध्ये ढ व्हा. आरामात दाबा बटणं. मग ऑगस्टमध्ये कितीही आपटलात तरी हुशारच ठराल."

"मडीला वेगळं ढ व्हायची काय गरज?" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मडी सर्वात मोठ्याने हसला. मी मोज्यात होते. मला तेव्हाच चीड आली होती.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात मडी पडला आणि उठल्यावर भलत्याच दिशेने धावू लागला. सोमवारी चाचणी झाली. मार्चइतकेच गुण पडले. "बघा, ठणठणीत आहे!" बर्डन म्हणाले. पुढच्या शनिवारी अंतिम सामना. चेंडू पाठीमागून आला, मडी धावला, समोरून गुडघा आला. चेंडू सुटला नाही. चषक बिरांगलला आला.

मडीला तो सामना आठवत नाही. लोकांनी इतक्यांदा सांगितला, की आता तो जसाच्या तसा ऐकवतो. पुन्हा तो खेळला नाही. भोंगा वाजला की तो कान दाबून खाली बसतो. घरातही काळा चष्मा लावतो. त्याची बायको टेगन पडदे ओढून ठेवते आणि कामावर जाते. आणि क्लबाने काय केले? मला मखमलीवर ठेवले. फोटो काढले. कांदा-सॉसेजचे पाव वाटले. मडीच्या घरी मात्र हळूहळू कोणी जाईनासे झाले.

यंदा मार्चमध्ये मुलींच्या संघाची चाचणी माझ्या कपाटासमोरच झाली. मडीची मुलगी ब्रॉन्टी पंधरा वर्षांची आहे. बापासारखीच लांब टांगांची. मडी तिला सोडायला आला होता. बर्डन आता मुलींचे प्रशिक्षक आहेत. ते तिच्या खुर्चीवर वाकले.

"घाई नको हं, पोरी. मार्चमध्ये जरा ढ व्हायचं. तुझ्या बाबाला विचार."

"ऐक केव्हिनचं," मडी हसून म्हणाला. "मला पण हेच शिकवलं होतं. कप आणला ना मी?"

त्या पोरीने बटणावरचा हात काढला.

"बाबा, आपण गाडी कुठे लावलीय?"

मडी खिडकीपाशी गेला. बाहेर मोजून पाच गाड्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग खिसे चाचपू लागला, जणू उत्तर तिथे असेल. काउंटरवर कोणी ग्लास पुसत होते, तेही थांबले.

"त्याला का विचारतेस सगळ्यांसमोर?" बर्डन पुटपुटले.

"तुम्ही सांगता ना त्याला विचार म्हणून?" ब्रॉन्टी वळली आणि तिने फटाफट बटणे दाबायला सुरुवात केली.

"असे गुण ठेवलेस तर पहिल्याच धक्क्याला बाहेर बसशील!"

"बसेन."

चाचणी संपल्यावर तिने कपाटाची काच सरकवली, मला उचलले आणि बापाच्या हातात दिले. "घरी नेऊ या हे." मडीने मला उलटेसुलटे पाहिले आणि सवयीने तोंडात घातले. मी चपखल बसले. एकही दात हलला नव्हता, एकही पडला नव्हता. मित्रांनो, माझे काम मी इतके चोख केले होते, आणि मला त्याची लाज वाटली.

माझी एकच विनवणी आहे. दात मी राखते. त्यावरचे तुम्ही राखा. डोके गरगरले तर गरगरले म्हणा, आणि म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हटले तर त्याच्याशी भांडा. आणि मला पुन्हा त्या मखमलीवर ठेवू नका.

ब्रॉन्टीने बाबाचा हात धरला आणि पाचांतली त्यांची गाडी त्याला दाखवली.