तुसाच्या राखेने घासलेला रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे. १९०३ साली मुंबईच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. माझ्या एका बाजूला राजाचं तोंड आहे. राजाला डोक्यावर केस नव्हते, पण दाढी मात्र भरघोस होती. ती दाढी कुठे गेली, हेच मित्रांनो, आज तुम्हाला सांगायचं आहे.

जंगलतोडीच्या ठेकेदाराने मला मजुरीत एका म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं. म्हाताऱ्याने मला खर्च केलं नाही. फडक्यात बांधून नाचणीच्या कणगीत ठेवलं, आणि पुढे नात लहानी डोळखांबजवळच्या पाड्यावर सासरी निघाली तेव्हा तिच्या पदराला बांधलं. त्यामुळे मी हातोहात फिरलो नाही, झिजलोही नाही.

त्या काळी आमची पारख सोपी होती. वाणी मला दगडावर आपटायचा आणि कान द्यायचा. सोनार काट्यात टाकायचा. माझं तोंड कुणी पाहत नसे. मुलगी पाहायला येऊन फक्त तिचं वजन करून जावं, तसा तो प्रकार!

माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते कल्याणच्या तात्यांनी. हे पेन्शनीत निघालेले कारकून. जुनी नाणी जमवण्याचा त्यांना नाद. मध आणि नाचणी न्यायला ते डोळखांबच्या बाजाराला येत. १९५४ साली लहानीने मला त्यांच्यापुढे धरलं. तिच्या कडेवर वर्षाची राही होती.

तात्यांनी मला उन्हात फिरवलं. "बाई, हा अव्वल आहे," ते म्हणाले. "याची प्रत 'अ'."

"म्हंजे किती, तात्या?"

"आज पंधरा. पण आज विकू नकोस. पोरीला शिकवायची वेळ येईल तेव्हा आण, मी पन्नास देईन. फक्त चकचकीत ठेव. चकाकी गेली की प्रत गेली."

त्यांनी चिठ्ठीवर 'अ' लिहून दिला. ते खोटं बोलत नव्हते. तेव्हा नाणी जमवणारे बरेच लोक असंच मानत, आणि तात्या स्वतःची नाणी लिंबाने घासत.

लहानीने तो शब्द उचलला. दर अमावास्येला ती भाताच्या तुसाची राख चाळायची, चिंच भिजवायची आणि मला घासायची. शेजारची शकू दारातून हसायची, "काय गो लहाने, रुपयाला न्हाऊ घालतंस, नवऱ्याला कदी घालशील?"

"नवऱ्याचे पन्नास कोण देल?" लहानी म्हणायची.

त्याच चिठ्ठीवर बोट फिरवून राही पहिलं अक्षर शिकली. शाळेत नाव घालायच्या आधीच तिला 'अ' येत होता. मास्तरांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी त्याच चिठ्ठीत गुंडाळलेला असायचो.

तेरा वर्षं. वर्षाला बारा अमावास्या, म्हणजे एकशे छप्पन्न वेळा. तुसाची राख दिसायला मऊ, पण चांदीला ती कानशीसारखी लागते. पहिल्या दोन वर्षांत माझ्या दाढीचे केस गेले. मग कान गेला. मी लखलखत होतो आणि लहानी खूश होती. तिला सांगायला मला तोंड होतं, पण ते नुसतं छापलेलं.

१९६७ साली राही सातवी पास झाली. पाड्यावरची पहिली मुलगी. पुढच्या शाळेला शहापूरला राहायला हवं होतं. ट्रंक, पुस्तकं, कपडे, वसतिगृहाची अनामत. मास्तरांनी हिशेब केला, पन्नासला दोन कमी. नाहीतर राहीने दिवाळीनंतर बापाबरोबर, सुक्याबरोबर, वीटभट्टीवर जायचं. लहानी हसली. तिचा हिशेब तेरा वर्षांपूर्वीच झाला होता.

मायलेकी मला घेऊन बाजारात गेल्या. लहानीने मला पदराने शेवटचं पुसलं. "बघा तात्या, येक डाग नाय."

तात्यांनी आता खिशातून भिंग काढलं. त्यांनी मला पाहिलं, चिठ्ठी पाहिली, लहानीकडे मात्र पाहिलं नाही.

"बाई... हा पहिल्यासारखा राहिला नाही."

"कमी चकाकतो का?"

तात्या भिंग पुसू लागले. भिंगावर धूळ नव्हती.

मित्रांनो, मधल्या काळात पारखच फिरली होती. मुंबईचे जाणकार आता म्हणत होते, नाणं काळं पडलेलं चालेल, पण हात लावलेलं नको. टांकसाळीतून आलेली चकाकी वेगळी, राखेने आणलेली वेगळी. हे तात्यांना आठ वर्षं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःचं लिंबू कधीच सोडलं होतं. त्या आठ वर्षांत ते सात वेळा डोळखांबला आले. सातही वेळा मध नेला, नाचणी नेली. नवा नियम मात्र सांगायचा राहिला.

त्यांनी चिठ्ठीवरचा 'अ' खोडला आणि खाली काही लिहिलं. "चांदीच्या भावाने पाच देतो," ते हळूच म्हणाले.

"पाच नाय. तुमी पन्नास बोललेले." लहानीने मला परत घेतलं. "मीच आळस क्येला असंल. आजून घासून आणतो."

वाटेत तिने विचारलं, "राहे, काय लिवलाय गो तेच्यात?"

राहीने चिठ्ठी वाचली. मीही वाचली होती. 'घासून खराब. प्रत ड.' ती थोडी मागे राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "लिवलाय, रुपाया चांगला हाय. तात्यांकडंच पैसं नायत, आये."

"बघ. मी बोललो नव्हतो?" लहानी झपझप चालू लागली.

राहीने ती चिठ्ठी वहाळात सोडली. दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि ती बापाबरोबर वीटभट्टीवर गेली. जाताना तिने आईला घासू नको म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तेरा वर्षांचं खरंही सांगावं लागलं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगणार नाही. मला जितकं जपलं, तितकं कुणालाच जपलं नसेल. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, शहाणे व्हाल, कालचं माप चुकीचं होतं असं तुम्हाला कळेल. तेव्हा ज्याच्या हातात तुम्ही ते माप दिलं होतं, त्याच्या दारापर्यंत चालत जा. तो अजून त्याच मापाने राबत असतो.

आज अमावास्या आहे. लहानी राख चाळते आहे.