वेळामावस्येचा असहकार

काळी पट्टी. बोटभर रुंद, ओळीच्या मधोमध, आणि तिच्याखाली दुसरी, तिसरी… धुरपतानं नखानं खरवडून पाहिली. कागद फाटायला आला, पण खालचं अक्षर काही वर येईना. इंग्रजी तिला येत नव्हतं, मराठीही चौथीपर्यंतचंच, पण झाकलेलं ओळखायला शाळा लागत नाही. मुरुडच्या तिच्या मिलची सोयापेंड समुद्रापार मुद्दाम पडेल भावानं विकली जाते, अशी तिकडच्या कुणीतरी तिथल्या सरकारकडे तक्रार केलेली — कुणी, कशाच्या जोरावर, ते सगळं काळ्याखाली.

"त्यांच्या धंद्याचं गुपित असतंय ते, आजी," लॅपटॉपची वायर खोचत नात तनुजा म्हणाली.

"आन् आपलं? चाळीस पानं भरून घेतली की माझ्याकडून! सोयाबीन कुठून, कोळसा किती… आता चुलीत काय जळतंय तेबी इचारा म्हणावं."

पण त्याहून जिव्हारी लागला होता तो एक शब्द — असहकार. सुनावणी अलीकडे ओढल्याचं पत्र आलं आदल्या संध्याकाळी, मिल बंद झाल्यावर, आणि दुसरा दिवस वेळामावस्येचा. अख्खा लातूर जिल्हा रानात, बाजारात कुत्रंसुद्धा नाही, मिलला कुलूप. आणि श्रीमंत, तिचा लेक, फोन मिलमध्येच विसरून कडब्याच्या कोपीपुढं पांडवांची पूजा मांडत बसलेला… तिकडे त्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी लिहून टाकलं : हजर नाहीत, सहकार्य करत नाहीत, सबब सगळ्यात जबर कर यांच्यावर. असहकार — मी? जिच्या रानात रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून भज्जी-आंबिलीला बसवतात, ती असहकारी? मेल्यांनो, दुसऱ्या दिवशी परत एक फोन करायला काय हात झडले होते तुमचे? हा कर टिकला तर पेंडीचं एक पोतं तिकडे जाणार नाही, आणि साठ माणसं घरी बसतील.

म्हणून आज अपिलातली ही दहा मिनिटं. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई — तीच निकाल देणार — आणि शेजारच्या चौकटीत दिल्लीचा वकील, टाय सावरत बोलणारा.

"काय म्हणायलाय त्यो?"

"आरोप कशावर केला ते थोडक्यात तरी सांगा," तनुजा हळूच म्हणाली, "आन् ठरवायच्या आधी आमचं ऐका, म्हणायलेत."

"एवढंच? ह्याच्यासाठी दिल्लीचा वकील? हे तर कुणीबी —"

कुणीबी… रत्नम्माही म्हणाली होती. देगलूरकडची, नऊ वर्षं मिलच्या चाळणीवर उभी राहिलेली. "अम्मा, कोण म्हणालं ते तर सांगा. माझं ऐका तर." आणि आपण, ओट्यावर, हाताची घडी घालून : "नाव कशाला पायजे तुला? मला समजलंय. उद्यापासून येऊ नको." चाळलेल्या मालात खडे मिसळते, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं… कुणी? धुरपतानं आठवून पाहिलं. आता तर तेही आठवेना.

छे! ते वेगळं. मिल माझी, बाई माझी, घरच्या घरात का कुणी सुनावण्या भरवतं? आणि तिनंही दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं, दारात बसायचं होतं… पण ये म्हणायला कुणी गेलं होतं का? — आत्ताच हे कशाला? मेली चाळणीवर होती तेव्हा नऊ वर्षं तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि आज मध्येच बोलायली!

"आई," श्रीमंतनं कोपर लावलं. "बाईसाहेब इचारायल्यात, कंपनीतून कुणाला बोलायचंय का. बोल. पण नीट बोल, बरं का, शिव्या नको."

"शिव्या द्यायला मी काय तुझ्याशी बोलायले?"

तिनं पदर खांद्यावर ओढला. तीन दिवस घोकलेली वाक्यं होती, एकेक धार लावून ठेवलेलं; पडद्यावरची बाई चष्मा नीट करून वाट पाहत होती. राग तसाच होता, जाळासारखा. फक्त आता तो तिच्या एकटीच्या बाजूनं बोलायला तयार नव्हता.